बारा राज्यघटनांचा तुलना-तक्ता: कामाच्या नोंदी

६ जून

अभ्यासगटाने घेतलेला प्रश्न असा: व्यापार, करार, कर्ज आणि न्यायालये यांनी देश एकमेकांत इतके गुंतल्यावर त्यांच्या राज्यघटनाही एकमेकींसारख्या होत चालल्या आहेत का? त्यासाठी तक्ता करायचा. आम्ही तिघे आहोत. ताई वकिली केलेल्या, स्प्रेडशीट एका मित्राकडे, आणि वाचून टिपणे काढायचे काम माझ्याकडे. पुढे कोणी असाच तक्ता करायला घेतला तर आमच्या खटपटीचा उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

देश ठरले: भारत, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन, दक्षिण आफ्रिका, केनिया, जपान, अर्जेंटिना, इक्वेडोर. एकाच घराण्यातल्या घटना नकोत, एवढे पथ्य पाळले. अमेरिकेची १७८७ ची आहे, केनियाची २०१० ची. फ्रान्स राहून गेला याची ताईंना हळहळ आहे, पण बाराच्या पुढे गेलो तर तक्ता वाचणार कोण?

आडव्या ओळी चाळीसेक काढल्या: राष्ट्रप्रमुख, सभागृहे, मूलभूत हक्क, न्यायालयीन पुनर्विलोकन, आणीबाणी, घटनादुरुस्ती, आंतरराष्ट्रीय करार, वगैरे.

९ जून

मजकूर गोळा केला. बहुतेक घटनांचा इंग्रजी मजकूर कॉन्स्टिट्यूट या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि विषयवार शोधताही येतो. त्यामुळे खर्च फक्त छपाईचा.

जुन्या पीडीएफपासून मात्र सावध राहा. स्पेनच्या १९७८ च्या घटनेची एक प्रत मित्राच्या संग्रहात आधीपासून होती. तिच्यात कलम १३५ जुनेच होते. ते २०११ मध्ये पूर्ण बदलले, आणि आमच्या प्रश्नासाठी नेमके तेच सर्वांत महत्त्वाचे कलम निघाले (त्यावर पुढे लिहितो). तेव्हापासून प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर ‘अमुक तारखेपर्यंतच्या दुरुस्त्यांसह’ असे लिहिल्याशिवाय ती वापरायची नाही, असा नियम केला.

ब्रिटनला एकच लिखित घटना नाही. १६८९ चे बिल ऑफ राइट्स, १९११ आणि १९४९ चे पार्लमेंट अ‍ॅक्ट, १९९८ चा मानवी हक्क कायदा, शिवाय संकेत आणि निवाडे असा सगळा पसारा. ब्रिटन काढूनच टाकू, असे मित्राचे म्हणणे. ताई म्हणाल्या, काढला तर ‘घटना म्हणजे पुस्तक’ हे आपण आधीच गृहीत धरल्यासारखे होईल. ब्रिटन राहिला.

१५ जून

हक्कांच्या ओळी भरल्या आणि हाती काहीच आले नाही. समता आहे का? सगळीकडे बरोबरची खूण. अभिव्यक्ती? खूण. धर्मस्वातंत्र्य? खूण. पानभर हिरवा रंग. यावरून जग एकसारखे झाले असे कोणीही सहज म्हणेल, आणि बरेच जण म्हणतातही.

म्हणून ओळ बदलली. हक्क आहे का, हे विचारायचेच नाही. हक्क मर्यादित करायचा तर सरकारला काय सिद्ध करावे लागते, हे विचारायचे. मग लगेच फरक दिसू लागले. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेचे कलम १ सगळ्या हक्कांना एकच मोजमाप लावते: मर्यादा कायद्याने घातलेली, वाजवी, आणि मुक्त लोकशाही समाजात समर्थन करता येईल अशी हवी. ओक्स खटल्यात (१९८६) तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पायऱ्या आखून दिल्या. दक्षिण आफ्रिकेचे कलम ३६ त्याच वळणाचे आहे, फक्त कोणत्या बाबी तोलायच्या हे ते कलमातच सांगते. भारताने कलम १९ मध्ये प्रत्येक स्वातंत्र्याखाली त्याची वेगळी कारणे दिली. अमेरिकेच्या पहिल्या दुरुस्तीत मर्यादेचा शब्दच नाही, त्यामुळे सगळ्या कसोट्या न्यायालयाने घडवल्या.

कॅनडाच्या रकान्यात कलम ३३ सुद्धा घातले. सनदेतले काही हक्क बाजूला ठेवून कायदा लागू राहील असे विधिमंडळ उघडपणे जाहीर करू शकते. मुदत पाच वर्षे, पुन्हा वाढवता येते. ही सोय बाकी अकरांत कुठेच नाही.

२१ जून

नेदरलँड्सने दिवस खाल्ला, पण तक्ता त्यामुळेच सुधारला.

ओळ होती ‘न्यायालय संसदेचा कायदा बाजूला सारू शकते का?’. डच घटनेचे कलम १२० अगदी स्वच्छ आहे: संसदेचा कायदा घटनेशी सुसंगत आहे की नाही हे न्यायाधीशांनी तपासायचे नाही. रकान्यात ‘नाही’ लिहून पुढे गेलो. संध्याकाळी ताईंनी कलम ९४ पुढे ठेवले. देशातला कायदा जर सर्वांना बंधनकारक असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तरतुदीशी विसंगत असेल, तर तो लागू करायचा नाही. म्हणजे तिथला न्यायाधीश स्वतःच्या घटनेच्या आधारे कायदा थांबवू शकत नाही, पण युरोपीय मानवी हक्क कराराच्या आधारे थांबवू शकतो!

हे नुसते कागदावरचे नाही. उर्जेंडा खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत २०२० अखेर किमान २५ टक्के कमी करण्याचा आदेश कायम केला. आधार होता युरोपीय कराराची कलमे २ आणि ८, म्हणजे जगण्याचा आणि खासगी व कौटुंबिक जीवनाचा हक्क. घटना चाळून हा निकाल कोणाला सुचला नसता.

दुरुस्ती: एका ओळीच्या दोन केल्या, ‘घटनेच्या कसोटीवर’ आणि ‘कराराच्या कसोटीवर’. मग ब्रिटनचा रकानाही नीट बसला. तिथे १९९८ च्या कायद्याच्या कलम ४ खाली न्यायालय विसंगती जाहीर करते, कायदा मात्र चालूच राहतो; पुढचे संसदेने पाहायचे. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यात एक ‘सांगते, पण थांबवत नाही’ असा तिसरा शेरा घालावा लागला.

२८ जून

गेला आठवडा करारांच्या ओळीवर गेला. मूळ तक्त्यात ती अगदी तळाशी होती. आता वर आणली.

आधी प्रत्येक देशाचे कलम लिहून काढले. अमेरिकेचे सहावे कलम करारांना देशाचा सर्वोच्च कायदा म्हणते. केनियाचे कलम २(६) म्हणते, मंजूर केलेला करार केनियाच्या कायद्याचा भाग. अर्जेंटिनाने १९९४ च्या सुधारणेत कलम ७५(२२) मध्ये मानवी हक्कांच्या करारांची यादीच दिली आणि त्यांना घटनेचा दर्जा दिला. भारताचे कलम ५१ आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वाढवायला सांगते, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. कलम २५३ करार राबवण्यासाठी कायदा करायचा अधिकार संसदेला देते. एवढ्यावर थांबलो असतो तर अमेरिका बाहेरच्या कायद्याला सर्वांत मोकळी आणि भारत बराच बंद, असे चित्र निघाले असते.

मग प्रत्येकी एक निवाडा जोडायचे ठरवले, आणि चित्र उलटले. मेडेलिन विरुद्ध टेक्सस (२००८): मेक्सिकन कैद्यांना वकिलातीशी संपर्काचा हक्क कळवला नव्हता म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये अमेरिकेविरुद्ध निकाल दिला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, हे बंधन देशावर असेल, पण काँग्रेसने कायदा केल्याशिवाय ते आमच्या कोर्टात आपोआप लागू होत नाही. मेडेलिन त्यांपैकीच एक कैदी; त्याच वर्षी त्याच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली. दुसरीकडे भारत. विशाखा निकालात (१९९७) कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदाच नव्हता. न्यायालयाने स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आणि संसदेचा कायदा येईपर्यंत त्याच बंधनकारक ठरवल्या. कायदा आला २०१३ मध्ये.

अर्जेंटिनात दोन्ही दिशा एकाच न्यायालयात सापडतात. सिमोन खटल्यात (२००५) लष्करी राजवटीतल्या गुन्ह्यांना अभय देणारे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले, ते आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाच्या पेरूविषयीच्या निकालावर भिस्त ठेवून. आणि २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने आंतर-अमेरिकी न्यायालयाला सांगितले की आमचा अंतिम निकाल तुमच्या आदेशावरून रद्द होणार नाही. मधल्या काळात घटनेतले अक्षरही बदलले नव्हते.

करणाऱ्यांसाठी: करारांच्या ओळीत नुसते कलम लिहू नका. कलम आणि त्यावरचा किमान एक निवाडा, वर्षासकट. अर्जेंटिनासारख्या देशाला दोन.

५ जुलै

मित्राने विचारले, “जागतिकीकरण म्हणतोय आणि तक्त्यात पैसा कुठे आहे?” रास्त होते. आम्ही हक्क आणि न्यायालये धरून बसलो होतो. नवी ओळ काढली: कर्ज, गुंतवणूक आणि अंदाजपत्रक यांच्यासाठी घटनेत काय बदलले?

स्पेनपासून सुरुवात. १९७८ ची घटना २०११ पर्यंत एकदाच बदलली होती, १९९२ मध्ये, युरोपीय संघ घडवणाऱ्या मास्ट्रिख्ट करारासाठी. परदेशी रहिवाशांना नगरपालिका निवडणुकीत उभे राहता यावे म्हणून कलम १३ मध्ये किरकोळ भर. मग युरो संकटात, ऑगस्ट-सप्टेंबर २०११ मध्ये, कलम १३५ काही आठवड्यांत नव्याने लिहिले गेले. सार्वमत झाले नाही. सरकारी कर्जाचे व्याज आणि मुद्दल फेडण्याला इतर खर्चावर पूर्ण अग्रक्रम, असे आता घटनेतच आहे. इतर दुरुस्त्यांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या देशात ही दुरुस्ती एका उन्हाळ्यात झाली, ही गोष्ट ‘घटनादुरुस्ती अवघड की सोपी?’ या ओळीत कशी बसवायची? नाही बसत. त्या ओळीत आम्ही कलम १६७ मधले बहुमताचे आकडे लिहिले होते. ते बरोबर आहेत आणि त्यांतून काही कळत नाही.

जर्मनीने २००९ मध्ये कलमे १०९ आणि ११५ मध्ये कर्जावर लगाम घातला, म्हणजे संकटाच्या सुरुवातीला आणि स्वतःहून. तक्त्यात दोघांसमोर ‘कर्जमर्यादा: आहे’ असेच येते. म्हणून शेजारी ‘कोणाच्या रेट्याने?’ हा बारीक रकाना जोडला.

इक्वेडोर नेमका दुसऱ्या टोकाला. २००८ च्या घटनेचे कलम ४२२: खासगी व्यक्ती वा कंपन्यांशी होणाऱ्या करारविषयक किंवा व्यापारी वादांत देशाचा अधिकार आंतरराष्ट्रीय लवादाकडे सोपवणारे करार करायचे नाहीत, लॅटिन अमेरिकेतल्या प्रादेशिक लवादाला तेवढी सूट. निसर्गाला हक्क देणारे कलम ७१ याच घटनेत आहे आणि सगळे त्याच्याविषयीच बोलतात. मला कलम ४२२ जास्त बोलके वाटते. गुंतवणुकीचे वाद सोडवणाऱ्या जागतिक बँकेच्या केंद्रातून देश बाहेर पडला, २०२१ मध्ये दुसऱ्या सरकारने पुन्हा आत नेले, आणि एप्रिल २०२४ च्या सार्वमतात लवाद मान्य करायचा का असे विचारले तेव्हा लोकांनी ‘नाही’ म्हटले. कलम जागच्या जागी आहे.

या ओळीसाठी तेरावा देश घेतला: बोस्निया आणि हर्झगोव्हिना. तिथली घटना म्हणजे १९९५ च्या डेटन शांतता कराराचे चौथे परिशिष्ट. घटनात्मक न्यायालयातल्या नऊ न्यायाधीशांपैकी तिघांची निवड युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे अध्यक्ष करतात, आणि ते तिघे बोस्नियाचे वा शेजारी देशाचे नागरिक असता कामा नयेत. मध्यवर्ती बँकेचा पहिला गव्हर्नर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने नेमायचा होता आणि त्यालाही हीच अट. ताईंनी ते कलम दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. मित्राने विचारले, “ही घटना की तहाचा कागद?” उत्तर: दोन्ही. बारावर थांबायचा नियम मोडला. मोडायलाच हवा होता.

१३ जुलै

‘कोणी कोणाकडून घेतले’ हे बाणांनी दाखवायचा प्रयत्न फसला. कलमे सारखी दिसली की बाण, असे करत गेलो आणि कागदावर नुसते जाळे झाले. साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. दोघांनी तिसऱ्याकडून घेतलेले असू शकते, किंवा दोन्ही मसुदे सारख्याच अडचणीतून गेलेले असू शकतात.

नवा नियम: वादविवादाची नोंद किंवा निवाड्यातला उल्लेख दाखवता आला तरच बाण. अर्ध्याहून जास्त बाण गळाले. उरले ते भक्कम. भारताच्या मार्गदर्शक तत्त्वांमागे आयर्लंडची १९३७ ची घटना आहे, हे नोंदीत आहे. मसुदा तयार होत असताना घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ब्रिटन फिरून आले. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांगून टाकले की उसने घेण्यात लाजण्यासारखे काही नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांचे पेटंट कोणाकडे नसते. उसनवारीची इतकी निःसंकोच कबुली दुसऱ्या कुठल्या मसुद्याबरोबर आम्हाला मिळाली नाही.

सर्वांत लांबचा बाण मूलभूत चौकटीचा, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्तीनेही बदलता येत नाही या सिद्धांताचा. जर्मनीच्या १९४९ च्या घटनेत कलम ७९(३) आहे: मानवी प्रतिष्ठा, संघराज्य यांसारखी काही तत्त्वे दुरुस्तीनेही हलवता येत नाहीत. डिट्रिश कॉनराड या जर्मन अभ्यासकाने १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात दुरुस्तीच्या अधिकाराला गर्भित मर्यादा असतात का यावर व्याख्यान दिले. तो युक्तिवाद वकिलांमार्फत गोलकनाथ खटल्यात पोहोचला, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती निकालात १३ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने मूलभूत चौकटीचा सिद्धांत मांडला. भारताच्या घटनेत तसे कलम नाही, तरीही. बांगलादेशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९८९ मध्ये उचलला.

तिथून केनिया. राष्ट्राध्यक्षांच्या पुढाकाराने आलेला घटनादुरुस्तीचा मोठा प्रस्ताव २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने आणि नंतर अपील न्यायालयाने थांबवला. दोघांनीही मूलभूत चौकटीचा आधार घेतला. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रस्ताव थांबवलाच, पण म्हटले की हा सिद्धांत केनियात लागू नाही. केनियाच्या घटनेतच दुरुस्तीची वाट पुरेशी कडक आखलेली आहे. नकारही तितकाच अभ्यासपूर्ण होता, भारतीय निकाल उलगडून तपासलेला. असा प्रवास नुसत्या बाणाने कसा दाखवणार?

म्हणून बाणांचे तीन प्रकार केले: ‘घेतले’, ‘पाहून नाकारले’, ‘नुसते पाहिले’. दक्षिण आफ्रिकेसाठी हे फारच उपयोगी पडले. कलम ३९ सांगते की हक्कांचा अर्थ लावताना न्यायालयाने आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घेतलाच पाहिजे, परदेशी कायदा घेता येईल. अंतरिम घटनेतल्या तशाच तरतुदीखाली माक्वान्याने खटल्यात (१९९५) न्यायालयाने फाशी रद्द केली. त्याआधी अमेरिका आणि भारत इथले फाशी टिकवणारे निकाल सविस्तर वाचले, आणि त्यांच्या घटनेचे शब्द वेगळे आहेत म्हणून बाजूला ठेवले. जुन्या पद्धतीत इथे भारताकडून दक्षिण आफ्रिकेकडे बाण गेला असता आणि अर्थ नेमका उलटा झाला असता.

१८ जुलै

घटनेची लांबी आणि दुरुस्त्यांची संख्या या ओळी कापल्या. जपानच्या घटनेत १९४७ पासून एकही दुरुस्ती नाही. तरी युद्धाचा त्याग करणाऱ्या कलम ९ चा सरकारी अर्थ मंत्रिमंडळाने २०१४ मध्ये बदलला आणि मित्रराष्ट्राच्या संरक्षणासाठी बळ वापरायला मर्यादित वाव दिला. शून्य हा आकडा इथे काहीच सांगत नाही.

२६ जुलै

चाळीस ओळींचा तक्ता बाजूला ठेवला. जवळपास सात आठवड्यांचे काम, पण त्यातली अर्धी टिपणे पुढे वापरता आली. आता एका प्रश्नाला एक पान. पहिले पान असे:

सरकारने करार मंजूर केला आहे, संसदेने त्यासाठी कायदा केलेला नाही. नागरिक कोर्टात जातो. काय होईल?

ब्रिटन: करार स्वतःहून हक्क देत नाही, अर्थ संदिग्ध असेल तिथेच थोडी मदत. कॅनडा: लागू नाही, पण बेकर निकालानुसार (१९९९) करारातली मूल्ये अधिकाऱ्याच्या निर्णयावर प्रकाश टाकू शकतात, ते प्रकरण कॅनडात जन्मलेल्या मुलांच्या आईला देशाबाहेर पाठवण्याचे होते. भारत: कायद्यात पोकळी असेल आणि मूलभूत हक्काशी धागा जुळत असेल तर विशाखाची वाट. दक्षिण आफ्रिका: कलम २३१ प्रमाणे कायदा हवा, पण ग्लेनिस्टर निकालात (२०११) भ्रष्टाचारविरोधी करारांच्या आधारे न्यायालयाने सरकारला पुरेसे स्वायत्त तपास पथक ठेवणे भाग पाडले, तेही ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने. केनिया: कलम २(६) मुळे करार आतच आहे, म्हणून २०१२ च्या कायद्याने मंजुरीआधीच संसदेची चाळणी लावली. नेदरलँड्स: तरतूद पुरेशी नेमकी असेल तर थेट लागू, उलट कायदा असला तरी. अमेरिका: करार स्वयंचलित (वेगळा कायदा न करताच लागू होणारा) आहे का, यावर सगळे अवलंबून, मेडेलिननंतर तसे सिद्ध करणे जड.

हे पान गटात वाचल्यावर पहिल्यांदाच खरी चर्चा झाली. कलमे एकमेकांच्या जवळ येत आहेत, यावर कोणाचा वाद नव्हता. वाद झाला तो बाहेरचे आत घ्यायचे की नाही हे कोण ठरवते यावर: नेदरलँड्समध्ये न्यायाधीश, ब्रिटनमध्ये संसद, स्पेनमध्ये २०११ साली दोन मोठे पक्ष मिळून, इक्वेडोरमध्ये मतदार. या बाबतीत देश जवळ येताना मला तरी दिसत नाहीत. ताईंना वाटते की न्यायाधीश एकमेकांचे निकाल वाचू लागल्याने वीसेक वर्षांत तेही होईल. हा मतभेद पानाच्या तळाशी तसाच ठेवला आहे.

दुसरे पान लवादाचे, कच्चे तयार आहे. तिसरे आश्रयाच्या हक्काचे. जर्मनीचे कलम १६अ, १९९३ मध्ये घातलेले, सुरक्षित मानलेल्या तिसऱ्या देशातून आलेल्याला या हक्काचा आधार घेऊ देत नाही, सुरुवात तिथून. प्रत्येक पानावर ‘अमुक तारखेपर्यंत’ हा शेरा आणि शेजारी निवाड्याचे वर्ष घालायचे काम मित्राने घेतले आहे.